बोगद्याच्या तोंडाशी एक नोकरदार माणूस

बीबीसीने २२ डिसेंबर १९७६ रोजी दाखवलेला ‘द सिग्नलमन’ हा ३८ मिनिटांचा चित्रपट भुताच्या गोष्टींवरून दूरचित्रवाणीसाठी झालेल्या कामांत फार वरच्या जागी ठेवला जातो. मीही तो तिथेच ठेवीन. मात्र त्याची थोरवी सांगताना बहुतेक जण धुके, काळोखा बोगदा आणि तांबडा दिवा यांची नावे घेऊन थांबतात, ते मला अपुरे वाटते. धुके आणि काळोख कोणत्याही भयपटात पैशाला पासरी मिळतात. या चित्रपटात जे मिळते ते दुसरीकडे क्वचितच सापडते, आणि ते म्हणजे एका नोकरदार माणसाची नोकरी. त्याचे सिग्नल ओढायचे खटके, त्याचे दिवे, त्याची घंटी, त्याचे तारयंत्र, दोन गाड्यांच्या मधला त्याचा रिकामा वेळ आणि त्या रिकाम्या वेळातही सैल न होणारे त्याचे लक्ष, हे सगळे आधी नीट दिसते आणि मग त्या लक्षातच भूत शिरते. चार्ल्स डिकन्सच्या मूळ कथेचे बळ याच ठिकाणी आहे, असे मला वाटते, आणि दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क व पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांना ते नेमके कळले होते.

कथा ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. शेवट उघड केल्यावाचून पुढचे काहीच लिहिता येणार नाही, तेव्हा ज्यांना तो स्वतः गाठायचा असेल त्यांनी आधी कथा वाचून यावे. ती एका बैठकीत संपते. एक प्रवासी संध्याकाळच्या वेळी रेल्वेच्या खोल कटिंगच्या, म्हणजे रुळांसाठी खोदलेल्या घळीच्या, काठावर उभा राहतो आणि खाली रुळांजवळ उभ्या असलेल्या सिग्नलमनला, गाड्यांना इशारे देणाऱ्या रेल्वेच्या माणसाला, हाक मारतो, “अहो, खाली कोण आहे?” खालचा माणूस वर पाहत नाही. तो वळतो आणि बोगद्याच्या तोंडाकडे पाहतो. प्रवासी नागमोडी पायवाटेने खाली उतरतो, दोघांची ओळख होते, आणि दुसऱ्या रात्री सिग्नलमन त्याला आपले दुखणे सांगतो. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या तांबड्या धोक्याच्या दिव्याखाली त्याला एक आकृती दिसते. डावा हात डोळ्यांवर आडवा धरलेला आणि उजवा हात जिवाच्या आकांताने हलणारा, अशी ती उभी असते. ती पहिल्यांदा दिसली त्यानंतर सहा तासांच्या आत त्याच मार्गावर मोठा अपघात झाला. सहा-सात महिन्यांनी ती पुन्हा दिसली, आणि त्याच दिवशी जाणाऱ्या गाडीच्या डब्यात एक तरुणी अचानक मरण पावली. आता ती आकृती आठवडाभर पुन्हा येते आहे. याचा अर्थ काहीतरी घडणार आहे. पण काय, कुठे, कोणाला, हे मात्र ती सांगत नाही.

ही कथा १८६६ च्या नाताळात ‘ऑल द इयर राउंड’ या डिकन्सच्याच साप्ताहिकाच्या खास अंकात, ‘मग्बी जंक्शन’ या कथामालेचा एक भाग म्हणून प्रसिद्ध झाली. नाताळ आणि भुताची गोष्ट यांचे नाते इंग्लंडमध्ये जुने आहे आणि ते घट्ट करण्यात डिकन्सचा स्वतःचा वाटा मोठा होता. हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीभोवती बसून सांगायच्या या गोष्टी पुढे एम. आर. जेम्स या केंब्रिजच्या विद्वानाने आपल्या मित्रांना नाताळात वाचून दाखवायला सुरुवात केली आणि त्यातून या प्रकाराला एक पक्के वळण मिळाले. बीबीसीने १९७१ पासून ‘अ घोस्ट स्टोरी फॉर ख्रिसमस’ या नावाने दर नाताळात एक भूतकथा दाखवायला घेतली, तेव्हा पहिल्या पाचही वर्षी जेम्सच्याच कथा निवडल्या गेल्या होत्या, आणि त्या पाचही क्लार्क यांनी दिग्दर्शित केल्या होत्या. सहाव्या वर्षी त्यांनी डिकन्सकडे वळायचे ठरवले.

हा बदल वाटतो तितका साधा नव्हता. जेम्सच्या गोष्टींत भूत कोणाला तरी शिक्षा करायला येते. एखादा विद्वान किंवा हौशी संशोधक जे पुरलेले आहे ते उकरतो, जे बंद आहे ते उघडतो, मोहात पडतो, आणि त्याला त्याची किंमत मोजावी लागते. पाहणाऱ्याला भीती वाटते, पण त्या भीतीत एक हिशेब असतो, ज्याने हात घातला त्याचा हात भाजला असा. डिकन्सच्या सिग्नलमनने कुठेही हात घातलेला नाही. तरुणपणी शिक्षणाची संधी वाया घालवली आणि म्हणून या खड्ड्यात येऊन पडलो, एवढीच त्याची कबुली आहे, आणि ती सांगतानाही तो कुरकुर करत नाही. रिकाम्या वेळात त्याने स्वतःच एक परकी भाषा शिकून घेतली आहे, अपूर्णांक आणि दशांश यांची गणिते सोडवली आहेत. कामात त्याची चूक कुणी काढू शकत नाही. अशा माणसाच्या वाट्याला हे का यावे, याचे उत्तर कथेत नाही, आणि चित्रपटानेही ते देण्याचा आगाऊपणा केलेला नाही. पाच वर्षे शिक्षेच्या भूतकथा केलेल्या दिग्दर्शकाने सहाव्या वर्षी निरपराध माणसाची भूतकथा तितक्याच सहजतेने उभी करावी, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

डिकन्सला हा विषय कुठून मिळाला याबद्दल दोन अपघातांचा उल्लेख नेहमी होतो. पहिला त्याच्या स्वतःच्या अंगावर आलेला होता. ९ जून १८६५ रोजी फोकस्टनहून लंडनकडे निघालेल्या गाडीत तो अभिनेत्री एलेन टर्नन आणि तिच्या आईसोबत प्रवास करत होता. केंटमधील स्टेपलहर्स्ट गावाजवळ बोल्ट नदीवरच्या लहानशा पुलावर दुरुस्ती चालू होती आणि रूळ काढून ठेवलेले होते. ही गाडी बोटीच्या प्रवाशांची असल्याने तिची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलत असे, आणि कामावरच्या मुकादमाने वेळापत्रकात चुकीच्या दिवसाची वेळ पाहिली होती. लाल झेंडी घेतलेला माणूस नियमाप्रमाणे हजार यार्डांवर उभा असायला हवा होता. तो ५५४ यार्डांवर उभा होता. तेवढ्या अंतरात गाडी थांबणे शक्य नव्हते. मधले डबे नदीच्या पात्रात कोसळले, डिकन्सचा डबा पुलावर लटकत राहिला. दहा माणसे मेली, सुमारे चाळीस जखमी झाली. डिकन्सने खाली उतरून हॅटमधून पाणी आणले, आपल्याजवळची ब्रँडी जखमींना पाजली, त्यातल्या काहींना त्याच्या डोळ्यांदेखत मरताना पाहिले, आणि मग लटकत्या डब्यात परत चढून आपल्या चालू कादंबरीचे हस्तलिखित काढून आणले. पुढे रेल्वेत बसताना त्याला धडकी भरत असे. तो वारला तो पाच वर्षांनी, नेमक्या ९ जूनलाच. स्वतःच्या कथेत हा योगायोग घातला असता तर टीकाकारांनी त्याला फैलावर घेतले असते.

दुसरा अपघात २५ ऑगस्ट १८६१ चा, ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यातला. तो मला या कथेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. रविवारची सकाळ होती आणि ब्रायटनहून तीन गाड्या अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने सुटल्या होत्या. बोगदा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा, आणि त्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक सिग्नलमन होता. पहिली गाडी आत गेल्यावर जो सिग्नल आपोआप धोक्यावर यायला हवा होता तो आला नाही, म्हणून दुसरी गाडी सरळ आत शिरू लागली. दक्षिणेकडचा सिग्नलमन लाल झेंडी घेऊन बाहेर धावला. ती झेंडी चालकाला दिसली की नाही, हे त्याला कळले नाही. त्याने तारयंत्रावरून पलीकडच्या माणसाला विचारले, बोगदा मोकळा झाला का? पलीकडच्याने पहिली गाडी बाहेर पडलेली पाहिली होती, त्याने उत्तर दिले, मोकळा आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या गाडीच्या चालकाने झेंडी पाहिली होती आणि तो आत थांबून गाडी मागे घेत होता. तेवढ्यात तिसऱ्या गाडीला पांढरी झेंडी मिळाली. २३ माणसे ठार झाली आणि १७६ जखमी झाली. दक्षिणेकडचा तो सिग्नलमन त्या वेळी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता, कारण तेवढे केले तरच त्याला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी मिळत असे.

हे दोन्ही अपघात शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. यंत्र फुटले, रूळ तुटला, बॉयलर उडाला असे यांत काहीच झाले नाही. दोन्ही ठिकाणी निरोप चुकला. एकीकडे झेंडी होती पण ती चुकीच्या अंतरावर होती, दुसरीकडे प्रश्न होता आणि उत्तरही होते, पण ते उत्तर वेगळ्याच गाडीबद्दलचे होते. रेल्वेने माणसाला जो वेग दिला त्याच्याबरोबर ही एक नवी जबाबदारीही आली: शेकडो जीव एका झेंडीवर, एका घंटीवर, तारेवरून आलेल्या एका शब्दावर विसंबून अंधारात धावू लागले, आणि तो शब्द पाठवणारा माणूस तुटपुंज्या पगारावर एका खोपटात एकटा बसलेला होता. डिकन्सचे भूत या व्यवस्थेच्या पोटातून जन्मलेले आहे. ते जुन्या वाड्यात किंवा स्मशानात राहत नाही, ते धोक्याच्या सिग्नलखाली उभे राहते आणि सिग्नलमनचेच काम करते. हात हलवते, सावध करते. फक्त त्याच्या इशाऱ्यात रेल्वेला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट नसते.

कथेचा गाभा मला एका उताऱ्यात सापडतो, आणि गंमत म्हणजे त्या उताऱ्यात भूत नाहीच. सिग्नलमन प्रवाशाला विचारतो की मी करू तरी काय. समजा, मी दोन्ही बाजूंच्या ठाण्यांना तार केली, ‘धोका, सांभाळा.’ उत्तर येईल, ‘कसला धोका? कुठे?’ मी लिहीन, ‘ठाऊक नाही, पण देवासाठी सांभाळा.’ ते मला वेडा ठरवतील आणि कामावरून काढून टाकतील; दुसरे ते करणार तरी काय? या चार ओळींत जी भीती आहे ती मला कोणत्याही सापळ्यात किंवा सावलीत दिसलेली नाही. ज्या माणसाचे सारे आयुष्य निरोप पुढे पोचवण्यात गेले आहे त्याच्या हातात असा निरोप पडला आहे की जो खरा आहे, जिवावरचा आहे आणि पुढे पाठवण्याजोगा नाही.

माझे थोरले मामा मध्य रेल्वेत स्टेशनमास्तर होते. ‘लाइन क्लिअर’, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याचा निरोप, मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, निरोपाची खात्री म्हणून शेजारच्या स्टेशनाशी प्रायव्हेट नंबरांची देवाणघेवाण करायची, आणि जे झाले ते त्या क्षणी रजिस्टरात लिहायचे, यात त्यांची हयात गेली. ही कथा मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी भुताबद्दल अवाक्षर काढले नाही. “ती घंटी वाजल्याची नोंद त्यानं केली होती का रे?” एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, “मामा, ती घंटी त्याच्याशिवाय कुणाला ऐकूच येत नव्हती. तो नोंद कशी करणार?” ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग अवघड आहे बाबा त्याचं.” खंडाळ्याच्या घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये, म्हणजे या कथेच्या तीनच वर्षे आधी खुला झाला, तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी रात्र काढणारी माणसे आपल्याकडेही त्याच दशकात तयार झाली होती. मामांना ही कथा परक्या देशातली वाटली नाही, त्याचे कारण बहुधा हेच.

आता चित्रपटाकडे येतो. चित्रीकरणासाठी इंग्लंडच्या पश्चिम मध्य भागातील सेव्हर्न व्हॅली रेल्वे हा वाफेच्या इंजिनांसह जतन केलेला मार्ग निवडला गेला. ब्यूडली बोगद्याच्या किडरमिन्स्टरकडच्या तोंडाजवळ, कटिंगमध्ये, सिग्नलमनची एक खोटी केबिन उभारण्यात आली, आणि केबिनच्या आतली दृश्ये हायली येथील खऱ्या सिग्नल केबिनमध्ये घेण्यात आली. हा तपशील मी मुद्दाम देतो, कारण पडद्यावर त्याचा परिणाम जाणवतो. आतले खटके नाटकाच्या मांडणीतले वाटत नाहीत. ते लोखंडाचे आहेत, जड आहेत, आणि ते ओढताना माणसाला अंगाचा भार टाकावा लागतो. बाहेरच्या दृश्यांत कटिंगच्या दोन्ही भिंती चौकट भरून टाकतात आणि वर आकाशाची एक पट्टी तेवढी उरते. डिकन्सने या जागेचे वर्णन करताना ओलसर, झिरपणाऱ्या खडकाबद्दल आणि मातकट, मृत वासाबद्दल लिहिले आहे. वास पडद्यावर आणता येत नाही, पण इथली ओल मात्र नक्की दिसते.

सिग्नलमनच्या भूमिकेत डेनहोम एलियट आहेत. आपल्याकडच्या प्रेक्षकांना ते इंडियाना जोन्सच्या चित्रपटांतले विसराळू, भाबडे मार्कस ब्रॉडी म्हणून ठाऊक असतील, आणि तो चेहरा डोक्यात ठेवून हा चित्रपट पाहिला तर धक्का बसेल. इथे ते जवळजवळ काहीच करत नाहीत. घाबरलेला माणूस दाखवताना नट सहसा डोळे विस्फारतो, घाम पुसतो, आवाज कापरा करतो. एलियट यांचा सिग्नलमन अतिशय सभ्य, मृदू आणि नेमका बोलतो. एखाद्या वरिष्ठाला हकिकत सादर करावी तसा क्रमवार बोलतो, कारण क्रम सुटला की आपण वेडे ठरू, हे त्याला ठाऊक आहे. बोलता बोलता तो मध्येच थबकतो आणि घंटीकडे पाहतो. घंटी वाजलेली नसते. कथेत प्रवासी हे दोनदा टिपतो आणि नंतर सिग्नलमन खुलासा करतो की भुताची घंटी वेगळी असते, ती एक निराळीच थरथर असते. चित्रपटाने ही थरथर आपल्याला दाखवली आणि ऐकवली आहे, म्हणजे त्या एकट्या माणसाच्या अनुभवात आपल्यालाही ओढले आहे. प्रवासी समोर बसला आहे, त्याला काही कळलेले नाही, आणि आपल्याला मात्र कळले आहे. या क्षणी प्रेक्षक बाजू बदलतो. तोवर आपण प्रवाशाबरोबर खाली उतरलेले पाहुणे असतो, आता आपण खटक्यांच्या बाजूला उभे असतो. अडतीस मिनिटांत माझ्या मते यापेक्षा महत्त्वाची गोष्ट घडत नाही.

तांबड्या रंगाबद्दलही लिहायला हवे. कथेत तांबडा दिवा आहेच, पण चित्रपट त्या रंगाचा एक धागा करतो: बोगद्याच्या तोंडाशी असलेला धोक्याचा दिवा, आणि सिग्नलमनच्या आठवणीतला अपघाताचा प्रकाश, हे एकाच रंगात एकमेकांत मिसळतात. स्वस्तातले अंगावर येणारे धक्के यात जवळपास नाहीत. आकृती दिसते ती दूर, अर्धवट, आणि तिचा हावभाव आपण सुरुवातीलाच एकदा पाहिलेला असतो, कारण वरून हाक मारणाऱ्या प्रवाशाचा हातही डोळ्यांवरच होता. मूळ कथेतही तो तसाच आहे. मावळत्या सूर्याच्या तिरिपीपासून डोळे वाचवण्यासाठी तो हात वर करतो. हा अगदी लहानसा धागा पुढे चित्रपटाने फार लांब ओढला, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

डेव्हिस यांनी संवादांना फारसा हात लावलेला नाही, डिकन्सची वाक्ये पुष्कळशी तशीच राहू दिली आहेत. जी भर घातली आहे ती तीन ठिकाणी. प्रवासी रात्री सरायीत उतरतो आणि त्याला वाईट स्वप्ने पडतात, ही दृश्ये कथेत नाहीत. पहिला अपघात कथेत आपल्यासमोर घडत नाही. मृत आणि जखमी बोगद्यातून आणले गेले एवढेच सिग्नलमन सांगतो, तर चित्रपटात आपण तो उत्पात पाहतो. आणि डब्यात मरण पावलेल्या तरुणीच्या जागी इथे चालत्या गाडीतून खाली पडणारी, लग्नाच्या पांढऱ्या पोशाखातली नवरी आहे. अपघाताचे दृश्य मला मान्य आहे. क्लेटनचा अपघात मनात असणाऱ्याला ते पटते, आणि धुरातून दिवा घेऊन हिंडणाऱ्या सिग्नलमनच्या अंगावर जे ओझे पडले ते डोळ्यांनी पाहिल्यावर त्याच्या पुढच्या सभ्य बोलण्याची किंमत कळते. नवरीचे दृश्य मात्र मला खटकते. डिकन्सने त्या तरुणीचा मृत्यू जवळजवळ कोरडेपणाने सांगितला आहे: डब्यात ती गेली, आणि तिला इथे या खोलीत आणून आम्हा दोघांच्या मध्ये असलेल्या या जमिनीवर ठेवले. प्रवासी नकळत खुर्ची मागे सरकवतो. त्या खुर्चीच्या सरकण्यात जे आहे ते पांढऱ्या पोशाखात आणि फुलांत नाही. नवरी आली की तिच्यामागे एक न सांगितलेली प्रेमकथा येते, आणि क्षणभर का होईना आपले लक्ष सिग्नलमनच्या कामावरून उडते.

सरायीतल्या स्वप्नांबद्दल माझे मत हळूहळू बदलत गेले. सुरुवातीला ती वेळ भरून काढायला घातली आहेत असे वाटत असे. अडतीस मिनिटांच्या चित्रपटात वेळ भरण्याची गरज मुळीच नसते, हे ध्यानात आल्यावर मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ती स्वप्ने शेवटाची तयारी आहेत.

कथेचा शेवट असा आहे. तिसऱ्या संध्याकाळी प्रवासी पुन्हा कटिंगच्या काठावर येतो आणि बोगद्याच्या तोंडाशी त्याला तोच हावभाव करणारी आकृती दिसते. क्षणभर त्याचे काळीज थांबते, पण तो जिताजागता माणूस असतो. जवळच ताडपत्री आणि काठ्यांचा, बिछान्याएवढा एक ठेंगणा आडोसा उभारलेला असतो. सिग्नलमन त्या सकाळी इंजिनाखाली सापडून मेला आहे. चालक सांगतो की त्याची पाठ इंजिनाकडे होती, तो शिट्टीकडे लक्ष देईना, म्हणून मी ओरडलो, ‘खाली कोण आहे! बाजूला हो! देवासाठी वाट सोड!’ आणि शेवटपर्यंत पाहायला नको म्हणून मी डोळ्यांवर हात धरला व दुसरा हात हलवत राहिलो. यावर प्रवासी फक्त एक गोष्ट नोंदवतो. चालकाच्या तोंडी आलेल्या शब्दांत सिग्नलमनने त्याला सांगितलेले शब्द तर होतेच, पण शेवटचे शब्द सिग्नलमनने कधीच उच्चारले नव्हते. ते प्रवाशाने स्वतः, मनातल्या मनात, त्या हातवाऱ्याला जोडले होते. डिकन्स हे एखाद्या वकिलाच्या टिपणासारखे सांगतो आणि थांबतो.

कॅमेऱ्यासमोर ही मोठीच अडचण आहे. मनात आलेला आणि ओठांवर न आलेला शब्द दाखवायचा कसा? प्रवाशाच्या आवाजात निवेदन घालता आले असते, पण निवेदन घातले की सिग्नलमन पुन्हा दुसऱ्याच्या गोष्टीतले पात्र होतो, आणि घंटीच्या थरथरीने जे साधले होते ते पाण्यात जाते. डेव्हिस आणि क्लार्क यांनी शेवटाची रचना बदलली आणि शब्दाच्या जागी चेहरा आणला. भुताचा जो चेहरा अखेर दिसतो तो प्रवाशाची भूमिका करणाऱ्या बर्नार्ड लॉइड यांच्या चेहऱ्याशी जुळतो. पहिल्या हाकेचा हात, सरायीतली स्वप्ने आणि हा चेहरा अशी ती साखळी पुरी होते.

हा बदल डिकन्सशी प्रामाणिक आहे का, यावर मतभेद होऊ शकतात. चेहरा जुळवल्याने कथेतली एक मोकळी जागा बुजते, हे मला मान्य आहे, आणि तो चेहरा आणखी थोडा कमी दाखवला असता तरी चालले असते. तरीही मी हा बदल योग्य मानतो, आणि त्याचे कारण कथेतच आहे. प्रवासी सज्जन आहे, सहानुभूतीने ऐकणारा आहे. पण त्या रात्री दोन वाजेपर्यंत सगळे ऐकून घेतल्यावर त्याने काय केले? दृष्टीच्या मज्जातंतूंचे विकार आणि योगायोग यांची उदाहरणे दिली. कंपनीच्या वरिष्ठांना कळवावे का, याचा विचार केला आणि तो सोडून दिला. शेवटी या माणसाला एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे न्यावे असे ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर भेटायचे निश्चित करून तो सरायीत झोपायला गेला. सिग्नलमनला जो एक निरोप कोणाकडेच पाठवता येत नव्हता तो त्याने या एका माणसाकडे पाठवला होता. क्लेटनच्या बोगद्यापलीकडच्या सिग्नलमनप्रमाणे प्रवाशानेही तो निरोप आपल्या समजुतीप्रमाणे वाचला आणि बोगदा मोकळा असल्याचे उत्तर दिले. डिकन्सने हे कुठेही स्पष्ट म्हटलेले नाही, निवेदक स्वतः प्रवासीच असल्याने तो म्हणणारही नाही. चित्रपटाला निवेदक नाही, त्यामुळे त्याला प्रवाशाकडे बाहेरून पाहता आले, आणि बाहेरून पाहिल्यावर त्याला जे दिसले तेच त्याने भुताच्या चेहऱ्यावर लावले.